साहित्यांतील वसंत व परसांतील वसंत

चैत्र उजाडला कीं आपल्याकडील नियतकालिकांचे अंक वसंताच्या वर्णनांनीं भरून येतात. आम्रमोहर दरवळतो, कोकिळा गाते, पळस पेटतो, मलयानिल वाहतो, आणि दोन-तीन परिच्छेदांत हें सर्व उरकून लेखक आपल्या मुख्य विषयाकडे, म्हणजे बहुधा स्वतःच्या मनाकडे, वळतो. हीं वर्णनें वाईट असतात असें आमचें म्हणणें नाहीं. त्यांतील कित्येक वाचावयास गोड असतात. परंतु ज्या घरीं चार हात परसूं आहे, किंवा निदान गच्चीवर दहापांच कुंड्या आहेत, त्या घरच्या वाचकानें असा एखादा लेख मिटून बाहेर नजर टाकली तर त्याला जो वसंत दिसतो तो लेखांतल्या वसंताशीं फारसा जुळत नाहीं. मोगऱ्याला कळ्या धरल्या आहेत खऱ्या, पण सकाळीं भिजविलेलें आळें दुपारीं पुन्हां भेगाळलें आहे. जास्वंदीच्या शेंड्यांवर पांढरा पिठ्या ढेकूण बसला आहे. अंगणभर पडलेला पाचोळा कोणी तरी झाडून खड्ड्यांत लोटला आहे. हा 'कोणी तरी' आपल्या वसंतवर्णनांत सहसा भेटत नाहीं. तो कां भेटत नाहीं, पूर्वीं तो भेटत होता काय, आणि त्याच्या नसण्यानें वाङ्मयाचें कांहीं नुकसान होतें काय, या तीन प्रश्नांचा विचार प्रस्तुत लेखांत करण्याचा आमचा हेतु आहे.

पहिल्या प्रश्नाचें मूळ शोधूं गेल्यास तें संस्कृत साहित्यशास्त्रापर्यंत जातें. दंडीनें 'काव्यादर्शां'त महाकाव्याचें लक्षण सांगतांना नगर, समुद्र, पर्वत, ऋतु, चंद्रोदय, सूर्योदय यांच्या वर्णनांबरोबर उद्यानक्रीडा व जलक्रीडा यांचीहि गणना केली आहे. म्हणजे ऋतुवर्णन ही कवीच्या मर्जीची गोष्ट न राहतां त्याचें कर्तव्य होऊन बसलें. कर्तव्य म्हणून केलेल्या वर्णनाला प्रत्यक्ष पाहण्याची गरज उरत नाहीं. आधींच्या कवीनें काय पाहिलें होतें हें ठाऊक असलें म्हणजे पुरतें. पुढें दहाव्या शतकाच्या सुमारास राजशेखरानें 'काव्यमीमांसे'त कविसमयांचा, म्हणजे कवींनीं परंपरेनें मान्य केलेल्या संकेतांचा, पद्धतशीर विचार केला. त्यांतील एक भेद मोठा मार्मिक आहे. जें जगांत नाहीं पण काव्यांत वर्णिलें जातें, हा संकेताचा एक प्रकार; आणि जें जगांत आहे पण काव्यांत घ्यावयाचें नाहीं, हा दुसरा. या दुसऱ्या प्रकाराचीं उदाहरणें देतांना तो सांगतो कीं, वसंतांतली मालती, चंदनाचीं फुलें व फळें, आणि अशोकाचें फळ, यांचें वर्णन कवि करीत नाहींत. कोकिळाचें कूजन वसंतांतच व मोराचें नृत्य पावसाळ्यांतच वर्णावयाचें, हा संकेताचा आणखी एक प्रकार त्यानें नोंदला आहे. राजशेखरानें हे संकेत निर्माण केले नाहींत. चालत आलेली वहिवाट त्यानें प्रामाणिकपणें लिहून ठेवली. पण त्याच्या नोंदीवरून एक गोष्ट निर्विवाद सिद्ध होते, ती ही कीं डोळ्यांसमोर फुललेलें फूल कवीनें जाणूनबुजून पाहूं नये अशी रीति आपल्या काव्यांत एक हजार वर्षांपूर्वीं स्थिर झाली होती.

संकेताचा उपयोग नसतो असें नाहीं. आंब्याचा मोहर म्हटल्याबरोबर श्रोत्याच्या मनांत वसंताचा सगळा भाव जागा होतो, आणि त्यासाठीं कवीला पानेंच्या पानें खर्चावीं लागत नाहींत. ही सोय लहान नव्हे. तक्रार एवढीच आहे कीं ज्यांच्यासाठीं ही सोय केली ते कवि मोठे होते आणि ज्यांनीं ती वापरली त्यांतले बहुतेक लहान होते. मोठा कवि संकेत पाळीत असतांनाहि त्याच्या पलीकडे पाहतो. याचें सर्वांत चांगलें उदाहरण खुद्द कालिदासाचेंच आहे.

कालिदासाच्या नांवावर असलेलें 'ऋतुसंहार' सहा सर्गांचें असून ग्रीष्मापासून निघून वसंतापाशीं संपतें. त्यांतला वसंत बराचसा संकेतांतला आहे. पण 'शाकुंतला'कडे वळावें. दुष्यंत आश्रमांत शिरतो तेव्हां नायिका त्याला जी प्रथम दिसते ती झाडांना पाणी घालतांना. तिघी मैत्रिणी आपापल्या बेताचे घडे घेऊन रोपांकडे येत आहेत. पुढें याच अंकांत राजा तिच्या सौंदर्याचें वर्णन करतो, आणि त्या वर्णनांत घडा उचलून उचलून गळलेले खांदे व लाल झालेले तळहात आहेत. शकुंतला रागावून निघूं लागते तेव्हां प्रियंवदा तिला अडविते तें कोणत्या कारणावरून? तर दोन झाडांचें पाणी घालणें तूं माझें देणें आहेस, तें फेडल्यावांचून जातां येणार नाहीं. आणि राजा तें ऋण फेडण्यासाठीं आपली अंगठी पुढें करतो. साऱ्या संस्कृत नाट्यवाङ्मयांत घरगुती कामाचा हिशेब इतक्या सहजतेनें प्रेमकथेच्या मध्यभागीं आलेला दुसरा प्रसंग आम्हांस आठवत नाहीं. नवमालिकेच्या वेलीला 'वनज्योत्स्ना' हें नांव शकुंतलेनें ठेविलें आहे. नांव ठेवण्याचा हा अधिकार कोणाचा, तर रोज तिला पाणी घालणाराचा.

आतां चौथा अंक पाहावा. शकुंतला सासरीं निघते, कण्व तपोवनांतल्या वृक्षांना उद्देशून सांगतात कीं तुम्हांला पाणी घातल्याखेरीज जी स्वतः पाणी पीत नसे ती आज निघाली आहे. ती वनज्योत्स्नेला आलिंगन देते. हा अंक वाचून डोळे भरून आले नाहींत असा वाचक विरळा. पण पहिल्या अंकांतले घडे, थकलेले खांदे व दोन झाडांचें देणें काढून टाकलें तर या निरोपाचें काय उरेल? एक हळुवार पण पोकळ प्रसंग. झाडांशीं तिचें नातें आहे असें कवि आम्हांला चौथ्या अंकांत सांगतो. तें आम्हांला पटतें, कारण तें तयार होतांना पहिल्या अंकांत आम्हीं पाहिलेलें असतें. येथें काम हें वर्णनाचें ओझें नसून भावनेचा पाया आहे.

इतर नाटकांतहि बागेंतले कामकरी अगदींच अदृश्य नाहींत. 'शाकुंतला'च्याच सहाव्या अंकांत दोघी उद्यानपालिका आंब्याची मंजिरी खुडतात आणि राजानें यंदा वसंतोत्सव बंद केला आहे हें न कळल्याबद्दल कंचुकीचीं बोलणीं खातात. 'मालविकाग्निमित्रां'त अशोकाला फुलविण्यासाठीं स्त्रीच्या पायाचा स्पर्श हवा हा संकेत आहे. राणी धारिणीचा पाय झोपाळ्यावरून पडून दुखावला म्हणून तें काम मालविकेकडे येतें, आणि पांच रात्रींत अशोक फुलला तर तिला इच्छित वर मिळावयाचा आहे. म्हणजे संकेतालाहि कालिदासानें घरांतल्या एका नेमून दिलेल्या कामाचें रूप दिलें आहे. श्रीहर्षाच्या 'रत्नावलीं'त नवमालिकेला अकालीं फुलविण्याची युक्ति राजा एका जाणकाराकडून शिकतो आणि राणीच्या माधवीशीं त्या वेलीची चढाओढ लागते. इकडे वात्स्यायनानें गृहिणीचीं कर्तव्यें सांगतांना घराभोंवतीं भाज्यांचे वाफे व फुलझाडांचे ताटवे करण्याचें काम तिच्याकडे सोंपविलें आहे, आणि वराहमिहिरानें 'बृहत्संहिते'त वृक्षायुर्वेदाला एक स्वतंत्र अध्याय दिला आहे. तेव्हां दुसऱ्या प्रश्नाचें उत्तर असें कीं, होय, तो 'कोणी तरी' पूर्वीं भेटत होता. त्याला बाहेर घालविलें तें अनुकरणानें.

हें नुकसान मोजावयाचें तर परसांतला वसंत म्हणजे नेमकें काय, हें एकदां नीट पाहिलें पाहिजे. उदाहरणादाखल मोगरा घेऊं, कारण महाराष्ट्रांत चैत्राचें फूल म्हणून प्रथम तोच डोळ्यांसमोर येतो. मोगरा चैत्रांत फुलतो, पण त्याची तयारी मार्गशीर्षांत सुरू होते. प्रथम त्याचें पाणी तोडावयाचें. झाड ताणावर आलें, पानें पिवळीं पडून गळूं लागलीं, म्हणजे पौषांत राहिलेलीं पानें हातानें ओरबाडून काढावयाचीं व फांद्या छाटावयाच्या. पाहणाराला वाटावें कीं झाड मारण्याचा बेत चालला आहे. मग बुंध्याभोंवतालची माती खुरप्यानें मोकळी करून तिला कांहीं दिवस ऊन द्यावयाचें, कुजलेलें शेणखत घालावयाचें, आळें पुन्हां बांधावयाचें, आणि मगच पाणी सोडावयाचें. माघांत पोपटी फूट येते. या नव्या फुटीच्या शेंड्यालाच कळी धरते. जुन्या, न छाटलेल्या काड्यांवर ती फारशी येत नाहीं. ज्यानें पौषांत झाडावर दया केली त्याला चैत्रांत गजऱ्यापुरतीं फुलें मिळत नाहींत, हा मोगऱ्याचा धडा आहे.

आणि मोगरा हें एकच झाड. फाल्गुनांत पाचोळा गोळा करून त्यांतला अर्धा खतासाठीं खड्ड्यांत व अर्धा आळ्यांवर आच्छादन म्हणून घालावा लागतो, नाहीं तर दुपारच्या उन्हांत ओल टिकत नाहीं. शेवंतीचा बहर थंडींतच संपलेला असतो. तिच्या बुडाशीं फुटलेले कोंब सावलींत जपून पावसाळ्यापर्यंत न्यावे लागतात, कारण पुढच्या हिवाळ्याचीं फुलें त्यांतच असतात. निशिगंधाचे कंद काढून, वेगळे करून, पुन्हां लावण्याचे हेच दिवस. तुळशीच्या मंजिऱ्या वेळेवर खुडल्या नाहींत तर ती काष्ठ होत जाते. झेंडूचीं वाळलेलीं बोंडें चुरडून बीं पुडींत बांधून ठेवावयाचें. अक्षय्यतृतीयेच्या सुमारास हळद-आलें लावावयाचें, पडवळ-दोडक्याचीं आळीं खणून ठेवावयाचीं. या सर्वांवर रोजचें पाणी. आमच्या देशावरच्या उन्हाळ्यांत तें पाणी येणार कोठून, हा प्रश्न मलयानिलानें सुटत नाहीं. तांदूळ धुतलेलें, भाजी धुतलेलें पाणी एका बादलींत सांठवून तें संध्याकाळीं आळ्यांत ओतण्याची रीति घरोघरच्या बायकांनीं काढली ती यामुळेंच. 1972 च्या दुष्काळासारख्या वर्षीं तर फुलझाड जगवावें कीं नाहीं हाच घरांतला गंभीर प्रश्न होतो. त्या पाण्यावर जगलेल्या मोगऱ्याची पहिली कळी हातीं येते तेव्हां जो आनंद होतो त्यांत काटकसर आहे, चिंता आहे, थोडा विजयहि आहे. या आनंदाचें वर्णन आमच्या वसंतवाङ्मयांत क्वचितच आढळतें. आणि तिसऱ्या प्रश्नाचें उत्तर आमच्या मतें येथेंच आहे. जो नुसतें फूल पाहतो त्याचा आनंद एका क्षणाचा असतो. ज्यानें पौषांत कात्री चालविली त्याचा आनंद चार महिन्यांचा असतो. दुसरा आनंद वाङ्मयाला अधिक उपयोगी, कारण त्याला आरंभ, मध्य व शेवट आहे.

संकेतांच्या आहारीं गेल्यानें दुसरेंहि एक नुकसान झालें. डोळ्यांपुढचीं झाडें कोणतीं हेंच आम्हांस दिसेनासें झालें. हल्लींच्या वर्णनांत 'अशोक फुलला' असें वाक्य येतें तेव्हां लेखकासमोर पुष्कळदां बंगल्याच्या कुंपणालगतचें उंच, सरळ, लांबट पानांचें झाड असतें. तो कवींचा अशोक नव्हे. त्याची फुलें हिरवट व पानांत दडलेलीं असतात. कवींचा अशोक म्हणजे ज्याला आपण सीतेचा अशोक म्हणतों तो, नारिंगी-तांबड्या गुच्छांचा. गाणारी 'कोकिळा' तर प्रसिद्धच आहे. कुहूकुहू करणारा पक्षी नर असतो. पण याहून महत्त्वाची गोष्ट ही कीं, आपल्या परसांतलीं निम्मीं फुलें संस्कृत कवींच्या यादींत असणेंच शक्य नव्हतें. दसऱ्याच्या तोरणांतला झेंडू, संध्याकाळीं उमलणारी गुलबक्षी, निशिगंध, देवळापुढचा खुरचाफा, हीं सर्व अमेरिका खंडांतून समुद्रमार्गानें आलेलीं. सदाफुली आणि रस्तोरस्तीं पेटणारा गुलमोहर मादागास्करचे. बोगनवेल ब्राझीलची. आज मराठी माणसाला उन्हाळा म्हटला कीं गुलमोहर आठवतो, आणि तें योग्यच आहे. परदेशचें झाड दोन-तीन पिढ्यांत घरचें होऊं शकतें. मात्र जुन्या याद्यांतून वसंत लिहिणाराला हें घरचें झालेलें जग दिसत नाहीं. पुण्याच्या एम्प्रेस गार्डनांतलें पुष्पप्रदर्शन जानेवारींत भरतें, याचाहि विचार करावा. पठारावर गुलाबाची छाटणी पावसाळा संपतां संपतां होते, दीड महिन्यानें फुलें येतात, आणि परदेशी हंगामी फुलांचा बहर थंडींतला असतो. फुलांची रेलचेल म्हणजे वसंतच, हें समीकरण आपल्या हवामानाला पुरतें लागू पडत नाहीं. चैत्रांतला वसंत थोड्या पण फार सुगंधी फुलांचा आहे. सोनचाफा, मोगरा, कडुनिंबाचा बारीक मोहर: रंगापेक्षां वासाचा हा ऋतु. इतकी साधी गोष्ट सांगणारें वर्णन शोधावें लागतें.

मराठी वाङ्मयाचा इतिहास या दृष्टीनें चाळला तर त्याचा आरंभ फार आशादायक दिसतो. ज्ञानेश्वरांच्या नांवावर असलेल्या मोगऱ्याच्या अभंगांत रोप दारीं लावलेलें आहे. तें आपोआप उगवलेलें नाहीं. खुडावें तितका बहर वाढतो असें जें त्यांत सूचित आहे त्याचा अध्यात्मपर अर्थ सर्वांस ठाऊक आहे. पण मोगरा लावणाराला त्यांतलें बागेचें सत्यहि पटतें, कारण फुलें वेळच्या वेळीं काढलीं म्हणजे झाड नवी फूट धरतें व फुटीबरोबर कळी येते. अनुभव खरा असल्यामुळेंच रूपक इतकीं शतकें टिकलें. अरणचा सावता माळी, ज्यानें 1295 सालीं देह ठेवला, तो तर आपल्या मळ्यांतल्या भाज्यांतच विठ्ठल पाहतो. त्याच्या अभंगांत मोटेचें व विहिरीचें जग आहे. भक्तीसाठीं त्याला मळा सोडावा लागला नाहीं, हें त्याचें वैशिष्ट्य वारकरी परंपरेनें नेमकें ओळखलें. पुढें पंडित कवींच्या हातीं बाग पुन्हां सामान्यतः देखावा झाली. रघुनाथपंडिताच्या 'दमयंतीस्वयंवरा'तलें उपवन मनोहर आहे, पण तें हंसासाठीं मांडलेलें नेपथ्य आहे. त्या उपवनाला पाणी कोण घालतो हा प्रश्न तेथें उठतच नाहीं.

अर्वाचीन कवींनीं संस्कृत संकेत टाकले, ही त्यांची मोठी कामगिरी. 'फुलांमुलांचे कवि' म्हणून ओळखले जाणारे रेव्हरंड टिळक (1861–1919) आणि बालकवि ठोमरे (1890–1918) यांनीं मराठी कवितेला फुलाकडे प्रेमानें पाहावयास शिकविलें. परंतु टिळकांचें प्रसिद्ध फूल 'वनवासी' आहे, आणि बालकवींची 'फुलराणी' हिरवळीवरची आहे. दोन्ही फुलें कोणी लावलेलीं नाहींत. ज्या काळीं इंग्रजी कवितेच्या परिचयानें निसर्ग म्हणजे माणसाच्या हातापासून दूर असलेलें तें, अशी समजूत दृढ होत होती त्या काळाचा हा ठसा आहे. परिणाम मात्र चमत्कारिक झाला. जुन्या पंडित कवीच्या उपवनांत माळी होता पण तो दिसत नव्हता. नव्या कवीच्या माळावर तो नव्हताच. दोन टोकांच्या दोन काव्यपद्धतींनीं एकाच माणसाला वगळलें. या कवींचें ऋण आम्ही मानतों. टिळकांची करुणा व बालकवींची प्रसन्नता मराठी कवितेंत पुन्हां तशी क्वचितच आली. पण ज्या घरांतून या कविता पाठ केल्या जात होत्या त्या घरांतल्या परसाची कविता त्यांत नाहीं, हेंहि सांगितलें पाहिजे.

गद्यांत दुर्गा भागवत यांचें 'ऋतुचक्र' (1956) हें या बाबतींत एक वळण मानावें लागेल. महिन्यांमागून महिने घेऊन, संकेत बाजूला सारून, प्रत्यक्ष दिसलेल्या पानाचा व फुलाचा रंग टिपणारें असें पुस्तक त्यापूर्वीं मराठींत नव्हतें. 'वसंतहृदय चैत्र' हा त्यांतला लेख वाचल्यावर जुनें वसंतवर्णन लिहावयास कोणाहि जाणत्या लेखकाला संकोच वाटला पाहिजे. तरी दुर्गाबाईंची दृष्टि मुख्यतः पाहणाऱ्याची आहे, मशागत करणाऱ्याची नाहीं. याच्या उलट बहिणाबाई चौधरी (1880–1951) यांची कविता हातांत काम असतांना सुचलेली आहे. 1952 सालीं ती पुस्तकरूपानें आली तेव्हां शिकलेल्या वाचकांस नवल वाटलें तें याचेंच, कीं शेतांतल्या व घरांतल्या कामाचीं नांवें कवितेंत इतकीं शोभतात. तिचें क्षेत्र शेत आहे, बाग नव्हे. दुर्गाबाईंचा डोळा आणि बहिणाबाईंचा हात हे एकत्र आलेलें असें बागेचें पुस्तक मराठींत अद्यापि व्हावयाचें आहे असें आम्हांस वाटतें.

यावर असा आक्षेप येईल कीं काव्य म्हणजे बागवानीची पुस्तिका नव्हे. शेणखत व छाटणी यांत रस कोठून आणावा? आक्षेप वजनदार आहे, पण त्याला एका परदेशी पुस्तकानें चांगलें उत्तर दिलेलें आहे. चेक लेखक कारेल चापेक यानें 1929 सालीं बागवानाच्या वर्षावर एक लहानसें पुस्तक लिहिलें. त्यांतलीं चित्रें त्याचा भाऊ योसेफ यानें काढलीं. महिन्यामहिन्याला बागवान काय करतो, पाण्याच्या नळीशीं त्याची कशी झटापट होते, वाकून वाकून त्याच्या पाठीचें काय होतें, हाच त्यांतला विषय. फुलांचें वर्णन त्यांत बेताचेंच आहे. चापेकच्या मतें खऱ्या बागवानाचा जीव फुलांत नसून मातींत गुंतलेला असतो. आणि तरी तें पुस्तक रूक्ष नाहीं. वाचक हंसतो, आणि हंसतां हंसतां त्याला कळतें कीं बाग करणें म्हणजे पुढच्या वर्षावर विश्वास ठेवणें. चापेकनें प्राग शहराची थंडी व तेथील बर्फ यांविषयीं लिहिलें. आमच्या लेखकांनीं त्याचें अनुकरण करून बर्फाच्या गोष्टी सांगाव्या असें कोणीहि म्हणणार नाहीं. पण कामांत विनोद, आशा, निराशा व प्रेम हीं सर्व असतात, आणि तीं लिहितां येतात, एवढें त्यानें सिद्ध केलें आहे.

हा प्रश्न नुसत्या वाङ्मयरुचीचा असता तर आम्हीं एवढा विस्तार केला नसता. पण त्याला घरांतलीहि एक बाजू आहे. चैत्र शुद्ध तृतीयेपासून अक्षय्यतृतीयेपर्यंत आपल्या घरीं गौर झोपाळ्यावर बसते. अंगणांत चैत्रांगण निघतें, आंब्याची डाळ व पन्हें होतें, आलेल्या बायकांना भिजलेले हरभरे व फुलें दिलीं जातात. तीं फुलें सकाळीं कळी असतांनाच खुडून ओल्या फडक्यांत ठेवलेलीं असतात, म्हणजे संध्याकाळीं हळदीकुंकवाच्या वेळीं तीं गजऱ्यांत उमलतात. किती वाजतां खुडावें, फडकें किती ओलें असावें, हें ज्ञान कोणत्याहि पुस्तकांत नाहीं. तें घरांतल्या वडील बाईच्या बोटांत आहे. गजऱ्याचें वर्णन करणाऱ्या कविता शेंकड्यांनीं सांपडतील. त्यांत गजरा बहुधा प्रेयसीच्या केसांत असतो. तो ओंवणाऱ्या, आणि त्याच्या आधीं चार महिने झाडाला पाणी घालणाऱ्या, बाईचे हात कवितेंत क्वचितच येतात. जें वाङ्मय घरांत वाचलें जातें त्यांतून घरांतलें काम असें सतत वगळलें गेलें म्हणजे घरांतल्या मुलांना तें कामच दिसेनासें होतें. वसंत आपोआप येतो, फुलें आपोआप फुलतात, आणि आपलें काम फक्त आनंद घेण्याचें, अशी एक समजूत तयार होते. ती समजूत फुलांपुरती राहत नाहीं.

शिवाय भाषेचीहि हानि आहेच. आळें, वाफा, ताण, बहर धरणें, दाबकलम, डोळा भरणें, फूट, खुरपणी, हे शब्द आज माळ्याच्या व जुन्या बायकांच्या तोंडीं जिवंत आहेत. वाडे पडून इमारती उठल्या, परसांच्या जागीं सज्जांतल्या कुंड्या आल्या. कुंडींतल्या मोगऱ्यालाहि तोच ताण व तीच छाटणी लागते, पण त्या कामाचीं नांवें कुंडी विकत घेणाऱ्याला कोणी सांगत नाहीं. लेखकांनीं हे शब्द उचलले नाहींत तर आणखी एका पिढीनें त्यांचे अर्थ कोशांत पाहावे लागतील. आणि ज्या शब्दाचा अर्थ कोशांत पाहावा लागतो त्यावर रूपक उभें राहत नाहीं. दारीं लावलेल्या रोपाचें रूपक ज्ञानेश्वरांच्या श्रोत्यांना कळलें, कारण त्यांच्या दारीं रोप होतें.

वसंतवर्णन कोणीं लिहूंच नये, असें सुचविण्याचा आमचा मुळींच हेतु नाहीं. आंबा मोहरतो, पळस पेटतो, आणि त्यांकडे पाहून मन हर्षित होतें हें खरेंच आहे. आमचें मागणें एवढेंच आहे कीं वसंताविषयीं लिहावयास बसण्यापूर्वीं लेखकानें निदान एक पौष एखाद्या मोगऱ्यापाशीं घालवावा. पाणी तोडण्याचा धीर, कात्री चालवितांना वाटणारी धाकधूक, आणि माघांतली पहिली पोपटी फूट, हीं स्वतः अनुभवावीं. मग त्याला काय लिहावें हें आम्ही सांगण्याची गरज पडणार नाहीं. आणि वाचकांसहि आमची विनंति आहे कीं येत्या चैत्राचे अंक हातीं येतील तेव्हां त्यांतलें वर्णन वाचतांना, या फुलांना पाणी कोणीं घातलें असेल, एवढा एक प्रश्न मनांत ठेवावा. ज्या लेखांत त्याचें उत्तर सांपडेल तो लेख घरांत मोठ्यानें वाचून दाखवावा.